कॅपेसिटाबिन: घरी घ्यायची केमो, किती सोपी आणि किती अवघड

कॅपेसिटाबिनला बरेच लोक ‘हलकी केमो’ म्हणतात. सुई नाही, सलाइन नाही, वॉर्डात दिवस काढणे नाही. जेवण झाले की गोळ्या घ्यायच्या. पण पोटात गेल्यावर या गोळीचे जे होते ते फ्लुरोयुरासिलच, म्हणजे १९५७ पासून कर्करोगावर वापरले जाणारे, शिरेतून द्यायचे जुने आणि जबरदस्त औषध. वाट बदलली म्हणून त्याचा जोर कमी झालेला नाही.

आधी मत सांगून टाकतो. आतड्याच्या आणि स्तनाच्या कर्करोगात कॅपेसिटाबिनची जागा पक्की आहे आणि ती त्याने कमावलेली आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. २००५ मध्ये कोलनच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या, कर्करोगाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या १,९८७ रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनंतर ही गोळी शिरेतल्या फ्लुरोयुरासिलपेक्षा कमी पडत नाही, हे तिने दाखवले. औषध म्हणून तक्रारीला जागा थोडीच. वापरायला मात्र ते अवघड आहे, आणि अवघड भाग गोळी गिळण्याचा नाही, ती वेळेवर थांबवण्याचा आहे. सलाइनच्या केमोत प्रत्येक डोसआधी कोणीतरी समोर बसून विचारते: जुलाब होताहेत का, तोंड आलंय का, ताप आहे का? इथे एका सायकलमध्ये, म्हणजे १४ दिवस गोळ्या आणि ७ दिवस सुट्टी अशा फेरीत, २८ वेळा डोस घ्यायचा असतो आणि २८ ही वेळा तो प्रश्न रुग्णाने किंवा घरच्यांनी स्वतःलाच विचारायचा असतो.

गोळीची रचना हुशारीची आहे. मूळ कॅपेसिटाबिन कर्करोगाच्या पेशीला काही करत नाही. यकृतातले एक एन्झाइम त्याचे पहिले रूपांतर करते, यकृतात आणि गाठीतही असलेले दुसरे एन्झाइम पुढचे, आणि थायमिडिन फॉस्फोरिलेज नावाचे तिसरे शेवटचे. हे तिसरे एन्झाइम अनेक गाठींत शेजारच्या निरोगी पेशींपेक्षा जास्त असते. म्हणून आतड्याच्या गाठीत तयार होणारे फ्लुरोयुरासिल आजूबाजूच्या भागापेक्षा सुमारे तिप्पट भरते. तिप्पट म्हणजे फायदा खरा, पण उरलेला एक हिस्सा निरोगी पेशींना मिळतोच. ज्या पेशी भराभर वाढतात त्यांना तो लागतो: आतड्याचे अस्तर, तोंडाची आतली त्वचा, रक्त तयार करणारी मज्जा. औषध रक्तात फार काळ टिकत नाही, पाऊण तासात निम्मे होते. म्हणूनच सकाळ-संध्याकाळ असे दोन डोस आणि त्यात साधारण १२ तासांचे अंतर.

डोस शरीराच्या पृष्ठफळावरून काढतात. सेंटिमीटरमधली उंची आणि किलोमधले वजन यांचा गुणाकार करायचा, त्याला ३६०० ने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. १६० सेंटिमीटर उंची आणि ५८ किलो वजन असेल तर उत्तर साधारण १.६ चौरस मीटर येते. कॅपेसिटाबिन एकटेच दिले तर पुस्तकी डोस दर चौरस मीटरला १२५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. म्हणजे या व्यक्तीला एका वेळी २००० मिलिग्रॅम, ५०० च्या ४ गोळ्या. दिवसाला ८, आणि १४ दिवसांच्या ११२. मग ७ दिवस सुट्टी, आणि २२ व्या दिवशी, रक्ततपासणी ठीक असेल तर, पुढची सायकल.

हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा, कारण नेमक्या इथेच चुका होतात. गोळ्या १५० आणि ५०० अशा दोन ताकदींत येतात आणि मूळ झेलोडा ब्रँडमध्ये दोन्हींचा रंग पीच फळासारखाच, फक्त एक किंचित फिकट. आकार वेगळा असला तरी घाईत किंवा अंधुक उजेडात तो लक्षात येत नाही. चिठ्ठीवर नुसते ‘सकाळी ३ + १’ असेल तर कोणत्या ३ आणि कोणती १, हे विचारल्याशिवाय दुकानातून निघू नका. डोस गोळ्यांच्या संख्येत नव्हे तर मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या: सकाळी १६५०, संध्याकाळी १६५०, आणि पुढे कोणत्या ताकदीच्या किती गोळ्या. पॅकिंगची ही उणीव लहान वाटते, पण रोज दोनदा आणि महिनोन्महिने घ्यायच्या औषधात ती लहान राहत नाही.

दुसरी चूक सुट्टीच्या आठवड्याची. बाकी सगळी औषधे रोज घ्यायची असतात, त्यामुळे १५ व्या दिवशीही हात आपोआप स्ट्रिपकडे जातो. उपाय साधा आहे: १४ दिवसांच्याच गोळ्या मोजून एका डब्यात ठेवा, बाकीच्या नजरेआड. कॅलेंडरवर सुरू करायचा आणि थांबवायचा असे दोन्ही दिवस ठळक लिहा. चौदाव्या रात्री डबा रिकामा झाला पाहिजे. त्यात काही उरले असेल तर ते का उरले, हे डॉक्टरांना सांगायचे. ते ‘भरून काढायचे’ नाही.

जेवण संपल्यावर ३० मिनिटांच्या आत, साध्या पाण्याबरोबर. हा नियम ऐच्छिक नाही. अन्नामुळे औषधाचे शोषण कमी होते हे खरे, पण मोठ्या चाचण्यांमधले डोस जेवणानंतर घेण्याच्या पद्धतीवरच ठरले आहेत. रिकाम्या पोटी घेतल्यास रक्तातली पातळी अपेक्षेपेक्षा उंच जाते. गोळी तोडू नका, चुरू नका. गिळायला त्रास असेल तर फार्मासिस्टशी बोला. भुकटीचे कण उडणे घरातल्या इतरांसाठी धोक्याचे, गरोदर स्त्रीसाठी तर फारच. गोळ्या दुसऱ्या कोणी काढून देत असेल तर हातमोजे घालावेत. एखादा डोस विसरला तर तो सोडून द्या आणि पुढचा ठरल्या वेळी नेहमीएवढाच घ्या. गोळी घेतल्यावर उलटी झाली तरी पुन्हा घेऊ नका, कारण किती औषध आत गेले ते कळायला मार्ग नसतो.

आता हात-पाय. या औषधाची खरी ओळख हीच. तळहात आणि तळपाय आधी झिणझिणतात, मग लाल होतात, सुजतात, कोरडे पडून सोलवटतात. पुढे गेले तर भेगा, फोड आणि चालताना वेदना. वर सांगितलेल्या चाचणीत ६० टक्के रुग्णांना हा त्रास कमी-जास्त झाला आणि १७ टक्क्यांना तीव्र; शिरेतल्या औषधावर तोच आकडा एकूण ९ टक्के होता. गोळीच्या सोयीची ही किंमत आहे, आणि ती गोळी लिहून देतानाच सांगायला हवी. त्रास बहुधा पहिल्या सायकलला येत नाही. दोन-तीन सायकली नीट गेल्या म्हणून ‘मला काही होत नाही’ असे धरून चालणारे लोक इथे फसतात.

पायऱ्या ओळखता आल्या पाहिजेत. मुंग्या, लाली, कोरडेपणा आहे पण कामे अडत नाहीत: पहिली पायरी, औषध चालू ठेवून डॉक्टरांना कळवायचे. दुखते, सूज आहे, झाकण उघडताना किंवा चालताना अडचण होते: दुसरी पायरी, इथे गोळी थांबवून फोन करायचा. कातडी सुटते, फोड येतात, वेदना तीव्र, रोजची कामे बंद: तिसरी. नियम असा की दुसरी पायरी पहिल्यांदाच आली असेल तर ती उतरेपर्यंत थांबून बहुधा पूर्वीच्याच डोसवर परत जातात. ती पुन्हा आली, किंवा तिसरी पायरी पहिल्यांदा आली, तर त्रास ओसरल्यावर डोस ७५ टक्के. त्यानंतर ५० टक्के, आणि तरीही आला तर औषध बंद. तिसऱ्या पायरीवर हट्टाने दोन दिवस ओढले तर नंतर दोन-तीन आठवडे घालवावे लागतात. दुसरीवर थांबले की बहुतेकदा थोडक्यात निभावते.

प्रतिबंधाची भिस्त बराच काळ मलमांवरच होती. १० टक्के युरियाचे क्रीम दिवसातून दोन-तीनदा, पहिल्या दिवसापासून, त्वचा अजून धड असताना. भेगा पडल्यावर युरिया झोंबते. तेव्हा साधे, बिनसुगंधी जाड मलम बरे. व्हिटॅमिन बी-६ अजूनही सर्रास लिहिले जाते, पण नीट केलेल्या चाचण्यांमध्ये त्याचा प्रतिबंधासाठी उपयोग दिसलेला नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने मात्र कामाची गोष्ट हाती दिली: १ टक्का डायक्लोफेनॅक जेल लावणाऱ्यांत दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचा त्रास ३.८ टक्क्यांना झाला, औषध नसलेले जेल लावणाऱ्यांत १५ टक्क्यांना. सांधेदुखीवर चोळतात तेच हे जेल. डॉक्टरांना विचारून पहिल्या सायकलपासूनच सुरू करावे, कारण चाचणी त्रास टाळण्याची होती, झालेला बरा करण्याची नव्हती.

बाकी सगळे घर्षण आणि उष्णता टाळण्यात आहे. गरम पाण्याने भांडी नकोत, घट्ट बूट नकोत, अनवाणी चालणे नको, आणि लांबचे चालणे सुट्टीच्या आठवड्यासाठी राखून ठेवा. टाचेवरची जुनी घट्टे आणि भेगा औषध सुरू होण्याआधीच नीट करून घ्या. त्रास तिथूनच सुरू होतो. आणखी एक गोष्ट क्वचितच कोणी सांगते: बोटांचे ठसे पुसट होतात, कधी पूर्ण जातात. ठशांवर चालणारा फोन, हजेरीचे यंत्र, ओळख पडताळणी, विमानतळावरची तपासणी हे सगळे अडू शकते. प्रवासाआधी डॉक्टरांचे पत्र घ्या आणि बँकेचे, सरकारी काम शक्यतो आधी उरका. औषध बंद झाल्यावर ठसे सहसा काही आठवड्यांत परततात.

हात-पाय छळतात, पण जीवावर बेतते ते बहुधा जुलाबांमुळे. आतड्याचे अस्तर झिजते, पाणी टिकत नाही, शरीर कोरडे पडते, मूत्रपिंड मंदावते. औषधाचे विघटन झालेले घटक मुख्यतः लघवीवाटे जातात, ते मग साचतात आणि विषबाधा वाढते. हे चक्र दोन दिवसांत पुरे होऊ शकते. म्हणून मोजायचे. एरवी दिवसातून जितक्या वेळा शौचाला जाता त्यापेक्षा ४ ते ६ वेळा जास्त, किंवा रात्री झोपेतून उठून जावे लागले, की पुढची गोळी घ्यायची नाही. ‘सकाळी बघू’ म्हणत रात्रीचा डोस घेणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. घरात लोपेरामाइड तयार असावे: पहिल्या सैल शौचानंतर ४ मिलिग्रॅम, मग प्रत्येक सैल शौचानंतर २, दिवसभरात १६ च्या वर नाही. सोबत क्षार-साखरेचे पाणी. ताप किंवा रक्त असेल तर लोपेरामाइडवर वेळ न घालवता रुग्णालय गाठा. थांबवण्याची बाकी कारणेही इथेच लिहून ठेवा: दिवसात एकापेक्षा जास्त उलट्या, तोंडात दुखरे फोड, ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप.

छातीत दुखले तर वेगळा नियम आहे, आणि त्यात पायऱ्या नाहीत. हृदयाच्या धमन्या आकुंचन पावून, त्या पूर्वी निरोगी असल्या तरी, छातीत कळ येऊ शकते, बहुधा पहिल्याच सायकलमध्ये. गोळी बंद, लगेच ईसीजी, आणि कोणती केमो चालू आहे ते सर्वांत आधी सांगायचे. ॲसिडिटी समजून अँटासिड घेत बसू नका.

या औषधाबद्दलचा सर्वांत गंभीर आक्षेप औषधावर नाही, ते सुरू करण्याच्या रीतीवर आहे. तयार झालेल्या फ्लुरोयुरासिलपैकी ८० टक्क्यांहून अधिक भाग डीपीडी हे एकच एन्झाइम मोडून टाकते. काहींच्या शरीरात ते जन्मतःच कमी असते. युरोपीय वंशाच्या लोकांत ९ टक्क्यांपर्यंत कमी आणि अगदी थोड्यांत, ०.५ टक्क्यांपर्यंत, जवळजवळ नसतेच. अशा माणसाला नेहमीचा डोस म्हणजे कित्येक पट डोस. पहिल्याच सायकलच्या पहिल्या काही दिवसांत भयंकर जुलाब, तोंड सोलून निघणे, पांढऱ्या पेशी कोसळणे. युरोपीय औषध नियामकाने २०२० मध्ये औषध सुरू करण्याआधी ही तपासणी करण्याची शिफारस केली. डीपीडी बनवणाऱ्या डीपीवायडी जनुकाची किंवा रक्तातल्या युरासिलची अशी ती तपासणी आहे. जनुकाच्या ज्या चार बदलांची नेहमी चाचणी होते ते मुख्यतः युरोपीय लोकसमूहांत सापडलेले. म्हणून इतर वंशांच्या लोकांत अहवाल ‘नॉर्मल’ आला तरी पहिल्या दोन आठवड्यांतली दक्षता सैल करायची नाही. तरी तपासणीचा आग्रह धराच. युरिडिन ट्रायॲसिटेट नावाचा उतारा आहे, २०१५ मध्ये अमेरिकेत मान्य झालेला, पण तो शेवटच्या डोसपासून ९६ तासांच्या आत द्यावा लागतो. घरी वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक दिवस त्या ९६ तासांतून वजा होतो.

दुसऱ्या औषधांशी गाठ पडते तिथेही काळजी. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन घेणाऱ्यांत रक्त धोकादायकरीत्या पातळ होते. परिणाम काही दिवसांत दिसू शकतो, काही महिन्यांनीही, आणि कॅपेसिटाबिन थांबल्यावर महिनाभर टिकू शकतो. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) वारंवार तपासा किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषध चालेल का ते विचारा. फिट्सवरच्या फेनिटॉइनची पातळी चढते. गाउटवरचे ॲलोप्युरिनॉल कॅपेसिटाबिनचा परिणाम कमी करू शकते. नागिणीवरचे ब्रिव्हुडिन मात्र पूर्ण वर्ज्य: ते डीपीडीलाच बंद पाडते, दोन औषधांत किमान ४ आठवड्यांचे अंतर लागते, आणि ही चूक प्राणघातक ठरलेली आहे. फॉलिक ॲसिड निरुपद्रवी वाटते, पण ते फ्लुरोयुरासिलचा जोर वाढवते. मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचा आणि ती डॉक्टरांना दाखवा.

मूत्रपिंडाची क्षमता क्रिएटिनिन क्लिअरन्सने मोजतात. ती मिनिटाला ३० ते ५० मिलिलिटर असेल तर १२५० चा सुरुवातीचा डोस ७५ टक्क्यांवर आणतात. ३० च्या खाली बहुतेक डॉक्टर हे औषध टाळतात. नुसते क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ दिसण्यावर वयस्कर आणि बारीक माणसांनी समाधान मानू नये. त्यांच्यात आकडा ठीक दिसूनही क्लिअरन्स कमी निघते.

ऑक्सॅलिप्लॅटिन या शिरेतून द्यायच्या दुसऱ्या केमोसोबत दिल्यास डोस दर चौरस मीटरला १००० असतो, रेक्टमच्या (गुदाशयाच्या) रेडिएशनबरोबर ८२५. जोडीत दोन्ही औषधांचे त्रास एकमेकांत मिसळतात, म्हणून फरक ओळखावा: थंड पाण्याला हात लागताच करंट लागल्यासारखे झाले तर ते ऑक्सॅलिप्लॅटिन, लाली, सोलवटणे, दाबल्यावर दुखणे हे कॅपेसिटाबिन. कोणता डोस कमी करायचा ते यावरच ठरते. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात ७ दिवस गोळ्या, ७ दिवस सुट्टी, दर वेळी १५०० मिलिग्रॅम असा ठरीव डोसही तपासला गेला. २०२३ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत हात-पाय आणि जुलाब यांचा त्रास कमी दिसला आणि आयुर्मानात घट दिसली नाही. नेहमीच्या १४ दिवसांत दुसरा आठवडा ज्यांना जड जातो, त्यांनी याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

जमेच्या बाजूला मोठ्या गोष्टी आहेत. त्याच मोठ्या चाचणीत केस गळणे ६ टक्क्यांत आणि तोंड येणे २२ टक्क्यांत होते. शिरेतल्या औषधावर हेच अनुक्रमे २२ आणि ६० टक्के. पांढऱ्या पेशीही कमी ढासळल्या. सलाइन नाही म्हणून शिरा वाचतात आणि येण्याजाण्याचे दिवस वाचतात. त्रास चढला तर पुढची गोळी न घेणे हा उपाय त्याच क्षणी हातात असतो. शिरेतून एकदा गेलेला डोस असा परत घेता येत नाही. तोंडी केमोचा हाच सर्वांत मोठा गुण, आणि घरच्यांना तो कुणीतरी सांगितलेला असेल तरच उपयोगी.

त्रासामुळे सुटलेले डोस नंतर जोडत नाहीत आणि एकदा कमी केलेला डोस सहसा पुन्हा वाढवत नाहीत. संतती टाळण्याची काळजी स्त्रियांनी शेवटच्या डोसनंतर ६ महिने, पुरुषांनी ३ महिने घ्यावी. डोस बदलला की घरात जुन्या ताकदीच्या स्ट्रिप उरतात. त्या त्याच डब्यात ठेवू नका, कचऱ्यात किंवा संडासात टाकू नका, पुढच्या भेटीत रुग्णालयाच्या औषध विभागात परत करा आणि नव्या मिलिग्रॅमची चिठ्ठी डब्याच्या झाकणावर चिकटवा.